छोट्या आइसक्रीम युनिटमध्ये बॅचची नोंद कशी ठेवायची

तीन उन्हाळ्यांपूर्वीची गोष्ट. एप्रिलमधली दुपार, बडोद्यात ऊन मी म्हणत होतं, आणि वाडी भागातल्या एका दुकानदाराचा फोन आला, "भाई, तमारा केसरमां बरफ आवे छे." डब्यावर शिक्का काय आहे, विचारलं. तारीख होती, दुसरं काही नव्हतं. त्या तारखेला आम्ही केसरच्या दोन बॅच काढल्या होत्या, एक सकाळी आणि एक दुपारी, वीज जाऊन आल्यावर. बिघडली ती दुपारची असणार हे मला कळत होतं, पण ती कुठल्या दुकानात गेली हे सांगणारा एक चिटोराही माझ्याकडे नव्हता. दोन्ही बॅच उचलाव्या लागल्या. टेम्पो घेऊन मांडवी, रावपुरा, कारेलीबाग अशी सात दुकानं फिरलो आणि वाईट मालाबरोबर तेवढाच चांगला माल ओतून दिला.

आमचं युनिट मकरपुरा जीआयडीसीत, म्हणजे तिथल्या सरकारी औद्योगिक वसाहतीत, आहे. पन्नास किलोचा पाश्चरायझिंग व्हॅट (मिक्स, म्हणजे दूध-साखरेचं मिश्रण, तापवायची टाकी), एक बॅच फ्रीझर (ते घुसळत गोठवणारं मशीन), हार्डनिंगचे, म्हणजे भरलेले कप कडक गोठवायचे, दोन डीप फ्रीझर, एक चिमुकली कोल्ड रूम आणि माझ्यासकट पाच माणसं. हा लेख एवढ्याच आकाराच्या आणि नुकतंच काम सुरू केलेल्या लोकांसाठी आहे. घरच्या पॉटमधून आइसक्रीम काढता काढता लग्नाच्या ऑर्डरी घेऊ लागलेल्यांनाही तो चालेल.

बॅच कशाला म्हणायचं

नव्या माणसाची पहिली चूक इथेच होते. तो पॅकिंग टेबलावर शिक्का मारतो आणि त्याला बॅच म्हणतो. पण कप भरायच्या आधी त्या मालाच्या आयुष्यातल्या सगळ्या मोठ्या गोष्टी घडून गेलेल्या असतात. दूध कुठलं, पावडर कुठल्या पोत्यातली, मिक्स किती तापलं, रात्रभर किती थंड राहिलं, यातलं काहीच पॅकिंग टेबलाला माहीत नसतं. म्हणून नंबर द्यायचा तो मिक्सला, आणि तोही वजन करायला बसतानाच.

आम्ही दोन शब्द वापरतो, बॅच आणि घाणा. एका वेळी एका व्हॅटमध्ये पाश्चराइझ झालेलं मिक्स म्हणजे बॅच. त्यातलं सहासहा किलो मिक्स फ्रीझरच्या पिंपात घालून जे काढतो तो घाणा. भज्यांचा काढतो ना, तसाच. पन्नास किलोच्या एका बॅचचे साधारण आठ घाणे होतात. खराबी मिक्समध्ये असेल तर आठही घाणे जातात. खराबी फ्रीझरवर किंवा त्याच्या पुढे झाली असेल तर एखाददुसराच घाणा जातो, बाकीचे वाचतात. एवढ्यासाठीच हे दोन शब्द वेगळे ठेवायचे.

नंबर लहान ठेवा. आमचा असा असतो: १२०४-ब-३. बारा एप्रिल, त्या दिवसाचं दुसरं मिक्स, त्यातला तिसरा घाणा. चवीचं नाव नंबरात घालू नका, ते कपावर छापलेलंच असतं. वर्षही नको, ते शेजारच्या उत्पादनाच्या तारखेत आहे. सुरुवातीला हौसेने मी वर्ष, दिवसाचा क्रमांक, चवीचं अक्षर, मशीनचं अक्षर असा तेरा खुणांचा नंबर केला होता. आठवड्याभरात पॅकिंगच्या बेनने, म्हणजे ताईने, तो तीन प्रकारे चुकवला, आणि दोष तिचा नव्हता.

बॅच किंवा लॉट नंबर छापणं ही काही आपल्या मर्जीची बाब नाही. पॅकबंद खाद्यपदार्थावर तो कायद्यानेच लागतो, तसाच एफएसएसएआयचा (केंद्राच्या अन्नसुरक्षा संस्थेचा) चौदा अंकी परवाना किंवा नोंदणी क्रमांक, उत्पादनाची आणि वापराच्या मुदतीची तारीख, निव्वळ मात्रा, हिरवी खूण, आणि दूध, सुकामेवा अशा ॲलर्जी देणाऱ्या घटकांचा उल्लेख. फक्त नुसता छापलेला नंबर कामाचा नसतो. त्या नंबरामागे कागद हवा.

कच्चा माल दारात येतो तेव्हा

एक जाड वही ठेवा, दाराजवळ, दोरीने बांधून. माल आला की एक ओळ: तारीख, काय, कुणाकडून, त्यांचा लॉट नंबर, किती, मुदत कधीपर्यंत. प्रत्येक ओळीला आपला एक छोटा क्रमांक द्या. दुधाला द-४१, क्रीमला क्री-१२, पावडरला पा-७. पुढे बॅचच्या कागदावर एवढंच लिहायचं, पुरवठादाराचं सगळं नाव-गाव पुन्हा पुन्हा नको.

दुधाच्या ओळीत आणखी दोन आकडे लिहा, आल्याक्षणीचं तापमान आणि फॅट. फॅट जवळच्या दूध केंद्रावर काढून मिळतं, नाहीतर जर्बर पद्धतीचं लहान यंत्र घ्या. बडोद्यात आम्ही बहुतेक म्हशीचं किंवा सहा टक्क्यांचं फुल क्रीम दूध वापरतो, आणि म्हशीच्या दुधाचं फॅट हिवाळा-उन्हाळ्यात हलतं. ते हललं की रेसिपी हलवावी लागते.

पावडरचं पोतं उघडलं की त्यावरचं लेबल कापून वहीत चिकटवा. आणि छोट्या बाटल्या, म्हणजे रंग, इसेन्स, केशराची डबी. सगळ्यांना वाटतं यांचं काय लिहायचं. उघडली त्या दिवशी बाटलीवर मार्करने तारीख लिहा आणि वहीत एक ओळ घाला, बस. याच छोट्या गोष्टी पुढे दगा देतात, त्याबद्दल शेवटी सांगतो.

वजनाचा कागद

आता प्रत्यक्ष कामाला लागू. पन्नास किलो साध्या व्हॅनिला मिक्ससाठी आमचं माप असं आहे:

सहा टक्के फॅटचं दूध ३१.७ किलो
चाळीस टक्के फॅटचं क्रीम ८.२ किलो
स्किम्ड मिल्क पावडर २.३५ किलो
साखर ७.५ किलो
स्टॅबिलायझर-इमल्सिफायर (मिक्स एकजीव ठेवणारी पूड) ०.२५ किलो

बेरीज बरोबर ५०. यातून फॅट साधारण १०.४ टक्के येतं, दुधातले फॅटविरहित घनपदार्थ ११ टक्क्यांच्या आसपास, साखर १५, आणि एकूण घनपदार्थ ३७ टक्के. एफएसएसएआयच्या नियमाप्रमाणे नुसतं 'आइसक्रीम' म्हणायचं तर दुधाचं फॅट किमान १० टक्के आणि एकूण घनपदार्थ किमान ३६ टक्के लागतात. अडीच ते दहाच्या मधलं असेल तर ते मीडियम फॅट आइसक्रीम. वनस्पती तूप किंवा तेल वापरलं तर आइसक्रीम हा शब्दच वापरता येत नाही, फ्रोझन डेझर्ट लिहावं लागतं. आम्ही मुद्दाम दहाच्या थोडं वर राहतो, कारण दूध एक दिवस साडेपाचचं निघालं तरी घसरून खाली जायला नको.

बॅचचा कागद करताना दोन रकाने आखा, 'रेसिपीप्रमाणे' आणि 'प्रत्यक्षात'. पहिला छापलेला असतो, दुसरा वजन करणाऱ्याने काट्यासमोर उभं राहून भरायचा. शेजारी मालाचा क्रमांक: दूध ३१.६४, द-४१. क्रीम ८.२२, क्री-१२. दुसऱ्या रकान्यातले सगळे आकडे पहिल्यासारखेच गोल दिसले की समजायचं, हा कागद संध्याकाळी चहा पिताना भरलाय. काटा कधीच इतका शहाणा नसतो.

दूध लिटरने मोजू नका. एक लिटर दूध साधारण १.०३ किलो भरतं. ३१.७ किलोऐवजी ३१.७ लिटर ओतलं तर जवळजवळ एक किलो दूध जास्त गेलं, आणि मिक्स तेवढं पातळ झालं. आमच्याकडे नवा मुलगा आला की पहिला आठवडा हेच होतं. कॅनवर लिटरच्या खुणा असतात, हात आपोआप तिकडे जातो. शेवटी मी त्या खुणा पॉलिश पेपरने घासून काढल्या.

काटा तोलमाप खात्याकडून दरवर्षी शिक्का मारून घ्यायचा, ते आहेच. पण रोज सकाळी एक ठरलेलं वजन त्यावर ठेवून बघा. आमच्याकडे पाच किलोचं लोखंडी माप आहे, आजोबांच्या किराणा दुकानातलं. आजोबा दांडिया बाजारात बसायचे.

तापवणं, थंड करणं, थांबणं

मिक्स व्हॅटमध्ये किमान ६८.५ अंशांवर किमान ३० मिनिटं ठेवायचं. तापमान चढायला लागलं ती वेळ धरायची नाही. ६८.५ गाठलं ती वेळ लिहा, मग मधलं एक तापमान, मग संपल्याची वेळ आणि तापमान. आम्ही ७० वर ठेवतो, म्हणजे अधेमधे ढवळणं मंदावलं तरी कोपऱ्यातलं मिक्स खाली उतरत नाही. थर्मामीटर महिन्यातून एकदा कुटलेल्या बर्फाच्या पाण्यात बुडवून पाहा. शून्य दाखवलं पाहिजे. दोन दाखवत असेल तर तुमचे ७० खरं तर ६८ होते, आणि तो महिनाभराचा प्रश्न झाला.

मग होमोजिनायझर (फॅटचे कण बारीक करणारं यंत्र) असेल तर होमोजिनायझर, आणि लगेच चार अंशांपर्यंत थंड करणं. किती वाजता चाराला आलं ते लिहा. पुढे एजिंग, म्हणजे चार अंशांखाली किमान चार तास मुरू देणं. आम्ही रात्रभर ठेवतो. या काळात फॅटचे कण घट्ट होतात, स्टॅबिलायझर पाणी धरतो, आणि दुसऱ्या दिवशी पिंपात हवा नीट बसते.

कॅनमध्ये भरताना पुन्हा वजन. ५० किलो घातलं होतं, कॅनमध्ये ४८.७ आलं. वाफ झाली, काही व्हॅटला आणि पाइपला चिकटलं. एक-सव्वा किलो जाणं आमच्याकडे नेहमीचं आहे. तुमचा आकडा वेगळा असेल, पण दोन आठवडे लिहिलंत की कळेल. एखाद्या दिवशी तो अचानक अडीच झाला तर कुठेतरी नळ गळतोय किंवा कुणीतरी वजन चुकवलंय.

बॅचचा कागद इथून पुढे कॅनबरोबर फिरतो. प्लास्टिकच्या पाकिटात घालून, सुतळीने कॅनच्या कानाला बांधलेला. ऑफिसच्या टेबलावर ठेवलेला कागद कामाचा नाही. कॅन एका खोलीतून दुसऱ्या खोलीत गेला आणि कागद मागे राहिला, की शेजारी उभे असलेले दोन कॅन जुळ्या भावांसारखे दिसायला लागतात.

दोन बॅच एकत्र आल्या तर

ही जागा कुणी शिकवत नाही आणि सगळा गोंधळ इथेच होतो, म्हणून जरा थांबून सांगतो.

कालच्या कॅनमध्ये तीन किलो उरलंय. आजचा कॅन भरलेला नाही. हात शिवशिवतात, कालचं आजच्यात ओतून टाकावंसं वाटतं. ओतलं, की आजच्या सगळ्या मालाला कालचं दूधही लागलं. उद्या कालच्या दुधात काही निघालं तर आजची पूर्ण बॅच परत मागवावी लागेल, तीन किलोंपायी अठ्ठेचाळीस किलो. आमचा नियम: उरलेलं मिक्स वेगळं काढायचं, स्वतःच्याच नंबराने, लहान घाणा म्हणून. सहाऐवजी तीन किलोचा घाणा काढला तर वीज थोडी जास्त जाते, तेवढी जाऊ द्या.

नाइलाजाने मिसळावं लागलंच तर मिश्रणाला नवीन नंबर द्या आणि कागदावर दोन्ही आईबापांची नावं लिहा: '१३०४-क, ही १२०४-ब (३ किलो) आणि १३०४-अ (२२ किलो) मिळून.' एकदा मिसळलं की जुने दोन्ही नंबर त्या मालासाठी संपले.

मशीनमध्ये चिकटलेलं, कप भरताना सांडलेलं पण स्वच्छ भांड्यात पडलेलं, असं पुन्हा वापरण्याजोगं आइसक्रीम निघतं. वितळलेलं हे आइसक्रीम थेट थंड मिक्समध्ये घालायचं नाही. ते पुढच्या बॅचच्या व्हॅटमध्ये, तापवण्याच्या आधी घालायचं, वजन करून, नंबर लिहून. आम्ही बॅचच्या पाच टक्क्यांच्या वर जात नाही. आणि सुकामेव्याचं कधीही साध्या चवीत नाही. काजू-अंजीरचं उरलेलं व्हॅनिलात गेलं आणि तो व्हॅनिला काजूची ॲलर्जी असलेल्या मुलाने खाल्ला, तर लेबलवर तुम्ही खोटं लिहिलं होतं. दुकानातून परत आलेला माल तर यात अजिबात नाही, तो सरळ फेकायचा.

दिवसाचा क्रमही यावरूनच ठरतो. आधी व्हॅनिला, मग फळांच्या चवी, मग चॉकलेट आणि शेवटी केसर-पिस्ता. फिक्यापासून गडदाकडे, आणि सुकामेवा सगळ्यांत शेवटी. मध्ये मशीन धुतलं की धुतल्याची वेळ कागदावर.

घाण्याचं वजन आणि हवा

आता फ्रीझर. प्रत्येक घाण्याची ओळ अशी: घाणा क्रमांक, चव, किती किलो घातलं, किती वाजता सुरू, किती वाजता काढलं, काढतानाचं तापमान (आमच्याकडे उणे पाचच्या आसपास), आणि ओव्हररन.

ओव्हररन म्हणजे आत शिरलेली हवा. मोजायला महागडं काही लागत नाही. एक पसरट नसलेलं, काठ सरळ असलेलं स्टीलचं पेलं घ्या, अर्ध्या लिटरचं. काट्यावर ठेवून काटा शून्य करा. मिक्स काठोकाठ भरा: ५५० ग्रॅम. पेलं धुऊन, पुसून, मशीनमधून आलेलं आइसक्रीम भरा. हवेच्या पोकळ्या राहू नयेत म्हणून चमच्याच्या पाठीने कडेकडेने बसवा, पण दाबू नका, दाबलं की हवा निघते आणि आकडा खोटा पडतो. वर सुरी फिरवून सपाट करा. समजा ३५० ग्रॅम आलं. ५५० वजा ३५०, म्हणजे २००. त्याला ३५० ने भागा, शंभरने गुणा. ५७ टक्के. फळाचा गर घातला असेल तर पहिलं वजन गर घातलेल्या मिक्सचं घ्यायचं.

या हिशेबाने एक लिटर आइसक्रीमचं वजन ७०० ग्रॅम. नियमाने आइसक्रीमचं वजन लिटरला किमान ५२५ ग्रॅम हवं, म्हणजे ओव्हररन जेमतेम ११० पर्यंत. आमच्यासारख्या साध्या बॅच फ्रीझरवर तिथपर्यंत पोचणं कठीण, त्यामुळे नियम मोडण्याची भीती नाही. भीती आहे ती घाण्या-घाण्यात फरक पडण्याची. सकाळचा ६० आणि दुपारचा ४० आला तर दुपारचे कप तेवढ्याच आकाराचे पण जड. कपामागे दहा ग्रॅम माल फुकट गेला आणि गिऱ्हाईकही म्हणणार, आज वेगळं लागतंय. दुपारी ओव्हररन पडला तर आधी मिक्सचं तापमान बघा. बहुतेक वेळा कॅन कोल्ड रूमबाहेर उभा राहिलेला असतो. ते झाल्यावर पात्यांची धार.

कप मोजा, मग गायब कप शोधा

हा माझा आवडता भाग. शाळेत ताळेबंद जुळला की जे वाटायचं ते इथे वाटतं.

मशीनमध्ये गेलं ४८.४ किलो, कॅनला ३०० ग्रॅम राहिलं. लिटरला ७०० ग्रॅम धरून ६९.१ लिटर आइसक्रीम व्हायला हवं. शंभर मिलिलिटरचे ६९१ कप. भरले ६६८. कमी २३ कप, सत्तर ग्रॅमने १.६१ किलो. आता शोधा: मशीनमधून खरवडलेलं ९०० ग्रॅम (पुन्हा वापरायला ठेवलं, नंबर लिहिला), चाखायला आणि नमुना ठेवायला चार कप म्हणजे २८० ग्रॅम, फाटलेले दोन कप १४० ग्रॅम. राहिलं २९० ग्रॅम, चारेक कप. एवढं चालतं. सांडणं, पुसणं, आणि खरं सांगायचं तर मशीनवरच्या मुलाचं एखादं बोट.

चारऐवजी चाळीस कप गायब झाले तर चोरीचा संशय घ्यायच्या आधी कपांचं वजन करा. दर दहावा कप काट्यावर ठेवायचा, रिकाम्या कपाचं वजन वजा करून ७० ग्रॅम यायला हवेत. हात सैल असला आणि ७६ येत असतील तर ६६८ कपांत चार किलो जास्तीचं गेलं. ते जवळपास ५७ कप झाले. आमच्याकडे एकदा असंच झालं, आणि मी नको त्या माणसावर नजर ठेवून होतो. अजून त्याची लाज वाटते.

हार्डनिंग आणि फ्रीझरचा नकाशा

कप भरले की थांबायचं नाही. कोणता घाणा किती वाजता हार्डनिंगमध्ये गेला ते लिहा. आम्ही उणे पंचवीसच्या खाली ठेवतो आणि मग साठवण उणे अठरा किंवा त्याहून खाली. कप बाहेर राहिला की बारीक स्फटिकांचं पाणी होतं, आणि तेच पाणी परत गोठताना मोठ्या स्फटिकांना जाऊन चिकटतं. जिभेला बर्फ लागतो तो हाच. वाडीच्या दुकानदाराची तक्रार हीच होती.

नोंदी सुरू केल्यावर पुढच्या वर्षी अशीच तक्रार पुन्हा आली, या वेळी सीताफळाची. नंबर वाचायला सांगितला, घाणा ६. कागद काढला: घाणा ५ भरून फ्रीझरमध्ये ३.१० ला, घाणा ६ भरून झाला ३.३५ ला आणि फ्रीझरमध्ये गेला ४.१५ ला. चाळीस मिनिटं ट्रे टेबलावर. त्या दिवशी फ्रीझरच्या झाकणाचं रबर सुटलं होतं आणि सगळे ते दाबण्यात गुंतले होते. उचलला फक्त घाणा ६, दोन दुकानांतून, एका तासात.

डीप फ्रीझरच्या झाकणावर एक नकाशा चिकटवा, कुठल्या कप्प्यात कुठला नंबर. कोल्ड रूममध्ये पेन्सिल वापरा. बॉलपेनची शाई थंडीत घट्ट होते आणि दवात फुटते, शिसाचं तसं काही होत नाही. ऑगस्ट २०२४ मध्ये विश्वामित्री नदीचं पाणी शहरात शिरलं तेव्हा आमच्याकडे वीज गेली ती गेलीच. जनरेटरवर एकच फ्रीझर चालत होता. त्या नकाशामुळे अंधारात टॉर्च धरून दहा मिनिटांत ठरलं, मुदत जास्त उरलेला आणि ऑर्डरचा माल कुठला, तो चालू फ्रीझरमध्ये. मऊ पडलेला परत गोठवायचा नाही, तो नंबर लिहून बाजूला काढला आणि फेकला. फेकलेल्याचीही ओळ वहीत आहे.

माल बाहेर जाताना

चलनावर दुकानाचं नाव, चव, संख्या आणि बॅच नंबर. चौथा रकाना भरल्याशिवाय टेम्पो हलवायचा नाही, एवढा एकच हट्ट धरा. जुना माल आधी, नवा मागून. टेम्पोवाल्याला हे दोनदा सांगावं लागतं, कारण नवा माल वर असतो आणि हाताला तो आधी लागतो. परत येणाऱ्या मालाची वही वेगळी.

गणपतीत आणि गरब्याच्या नऊ रात्री या रकान्याचा बळी पहिल्यांदा जातो. त्या दिवसांसाठी आम्ही आदल्या रात्रीच बॉक्सवर नंबराच्या चिठ्ठ्या लावून ठेवतो, सकाळी चलनावर फक्त उतरवायच्या.

वही की संगणक

आधी कागद. तीन महिने कागदावर नीट चाललं की मग स्प्रेडशीट. उलट केलंत तर सुंदर रंगीत तक्ता होईल आणि त्यात कुणी काही भरणार नाही. आमच्या शीटमध्ये तीनच पानं आहेत: आलेला माल, बॅच-घाणे, गेलेला माल. एका घाण्याला एक ओळ. रात्री मी पंधरा मिनिटांत कागदावरून उतरवतो. मूळ कागद फाइलमध्ये राहतो, मालाची मुदत संपल्यावर आणखी एक वर्ष.

लिहायचं ते काम करणाऱ्याने, साहेबाने नाही. आमच्या पॅकिंगच्या बेन गुजरातीत लिहितात, मशीनवरचा मुलगा हिंदीत, मी मराठीत. आकडे सगळ्यांचे जुळतात, अजून काही अडलं नाही.

जीएसटीसाठीही हे कागद लागतात. आइसक्रीम बनवणाऱ्याला कंपोझिशन स्कीम (लहान धंद्यांसाठीची कर भरायची सोपी योजना) मिळत नाही, त्यामुळे लहान असलो तरी नियमित हिशेब आलाच, आणि उत्पादकाने किती कच्चा माल वापरला, किती माल झाला, किती वाया गेला याचा दरमहा हिशेब ठेवायचा असतो. सीए मागतो तेव्हा बॅचच्या शीटची बेरीज पाठवून देतो. एफएसएसएआयचा परवाना असलेल्या उत्पादकाला दरवर्षी ३१ मेपर्यंत वार्षिक विवरण भरायचं असतं, त्यातले उत्पादनाचे आकडेही इथूनच.

परीक्षा घ्या

सगळं लावून झालं की महिन्यातून एकदा उलटी परीक्षा घ्या. घरच्या फ्रीजमधला कुठलाही कप धरा आणि घड्याळ लावून मागे जा: घाणा, बॅच, दूध कुठलं, पावडरचं पोतं कुठलं. मग पुढे जा: त्या बॅचचे बाकीचे कप आज कुठे आहेत. अर्ध्या तासात दोन्ही बाजू सापडल्या पाहिजेत.

मी आईला फोन करतो. "आई, फ्रीजरमधला एक कप काढ आणि तळाचा नंबर वाच." ती म्हणते, "थांब रे, चष्मा आणते," आणि तेवढ्यात कप मऊ पडतो म्हणून वर मलाच बोलते. मागच्या महिन्यात चॉकलेटचा कप निघाला. दूध चार मिनिटांत सापडलं, पावडर सहाव्या मिनिटाला, दुकानं नऊ मिनिटांत. कोकोची पिशवी मात्र सापडली नाही. कुणीतरी नवी उघडली होती आणि वहीत ओळ घातली नव्हती. ती पिशवी मीच उघडली होती.